इंग्रजी झेपणार नाही म्हणून विज्ञान सोडू का?

पत्राचा सारांश: वाचक सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते. दहावीपर्यंत सगळं शिक्षण मराठी माध्यमातून झालं, गणित आणि विज्ञानसुद्धा मराठीतून. दहावीला 91.60 टक्के मिळाले. अकरावी विज्ञानासाठी सांगलीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात नाव लागलं आहे. तास सुरू व्हायला दीडेक महिना आहे. एसटीने एका बाजूचा प्रवास सव्वा तासाचा. तिचा चुलतभाऊही दहावीला नव्वदीत होता. अकरावी विज्ञानाला त्याला पहिल्या चाचणीत भौतिकशास्त्रात 25 पैकी 6 पडले, ते त्याने घरी सांगितलं नाही, दिवाळीनंतर कॉलेजला जाणंच सोडलं. "इंग्रजी झेपलं नाही" असं तो सांगतो. आता तो कला शाखेत आहे. वडील म्हणतात, पतसंस्थेतून कर्ज काढतो, पण तुला दोन वर्षांच्या इंटिग्रेटेड क्लासला घालतो. आई म्हणते, आर्ट्स घे. वाचक स्वतः सुट्टीत स्पोकन इंग्लिशचा क्लास लावायच्या विचारात आहे. तिचा प्रश्न: मी मुळातच मागे आहे, तर आत्ताच शाखा बदलणं शहाणपणाचं नाही का?

*

स्पोकन इंग्लिशच्या क्लासचे पैसे अजून भरले नसशील तर थांब. तो क्लास वाईट असतो असं नाही. तिथे स्वतःची ओळख करून द्यायला, फोनवर बोलायला, मुलाखतीला उत्तरं द्यायला शिकवतात. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात यातलं काहीच येत नाही. तिथली इंग्रजी कोरडी असते आणि थोडी असते. डिफाइन, स्टेट, डिराइव्ह, कॅल्क्युलेट, हेन्स शो दॅट, डायरेक्टली प्रपोर्शनल टू, विथ रिस्पेक्ट टू. हीच क्रियापदं आणि हेच जोडशब्द प्रत्येक धड्यात फिरून फिरून येतात. बाकी संज्ञा, आणि संज्ञा तर इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही नव्याच असतात.

ही इंग्रजी शिकायची एक बिनपैशाची वाट आहे. बालभारतीचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक मराठीत आहे तसंच इंग्रजीतही आहे. तेच धडे, त्याच आकृत्या, तीच उदाहरणं. बालभारतीच्या संकेतस्थळावर ते फुकट उतरवून घेता येतं. 'गुरुत्वाकर्षण' हा धडा तुझा पक्का झालेला आहे. आता तोच इंग्रजीतून वाच, मराठी पुस्तक शेजारी उघडं ठेवून. वाक्याचा अर्थ तुला आधीच माहीत असतो, त्यामुळे डोकं फक्त भाषेकडे लागतं. विज्ञानाच्या पहिल्या भागात दहा धडे आहेत. रोज दोन-तीन पानं घेतलीस तरी तास सुरू व्हायच्या आत त्यातले निम्मे-अधिक सहज होतील, आणि तेवढे पुरे.

वाचताना वही कर, पण नुसती शब्दार्थांची नको. संवेग म्हणजे मोमेंटम, त्वरण म्हणजे ॲक्सलरेशन, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, हे लिहिशीलच. तुझ्या मराठी पुस्तकातही बऱ्याच संज्ञांपुढे कंसात इंग्रजी शब्द छापलेला असतो, शाळेत आपण तो वगळून पुढे जातो एवढंच. शब्दाबरोबर एक पूर्ण वाक्य उतरव आणि ते मोठ्याने वाच. अल्फा, थीटा, लॅम्डा, ओमेगा ही ग्रीक अक्षरं हाताने गिरव. हसू नकोस, फळ्यावरचं अक्षर काय आहे हेच न कळल्याने पूर्ण तास वाया घालवलेली मुलं मी वर्गात पाहिली आहेत. एखाद्या इंग्रजी संज्ञेला मराठीत काय म्हणतात ते सापडलं नाही, तर राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत.

इंग्रजीची बाजू माझ्या लेखी एवढीच आहे. जीवशास्त्र थोडं वेगळं, त्याकडे नंतर येते.

आता तुझ्या भावाविषयी. त्याचं विज्ञान इंग्रजीमुळे सुटलं असं तो म्हणतो, आणि तू ते तसंच मान्य केलं आहेस. असेलही तसं. पण त्याच चाचणीत इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांना किती पडले, हे त्याने कधी सांगितलं का? मी बरीच वर्षं अकरावीला भौतिकशास्त्र शिकवलं. पहिल्या चाचणीत निम्मा वर्ग आडवा होतो, आणि आडव्या झालेल्यांत इंग्रजी माध्यमातले पुष्कळ असतात. फरक इतकाच, की ते 'मॅथ्स अवघड आहे', 'सर फास्ट शिकवतात' असं म्हणतात. मराठी माध्यमातल्या मुलाकडे एक तयार कारण असतं. ते कारण सोयीचं नाही, उलट जास्त घातक आहे. सर फास्ट शिकवतात म्हणणारा मुलगा निदान सरांना थांबवायचा विचार करू शकतो. 'माझं माध्यमच चुकलं' म्हणणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही, म्हणून तो घरी बसतो.

मग सगळेच का अडकतात? भौतिकशास्त्राच्या अकरावीच्या पुस्तकात दुसराच धडा 'मॅथेमॅटिकल मेथड्स' आहे. त्यात सदिश म्हणजे व्हेक्टर येतात, आणि कलनाची म्हणजे कॅल्क्युलसची तोंडओळख येते. गणिताच्या पुस्तकात मात्र डिफरन्सिएशन हा दुसऱ्या भागाचा अगदी शेवटचा धडा. म्हणजे पेरणी आधी आणि नांगरट नंतर. भौतिकशास्त्राचे सर जुलै-ऑगस्टमध्ये जे वापरतात, ते गणिताचे सर उन्हाळ्याच्या तोंडावर शिकवतात. यात तुझ्या माध्यमाचा काय दोष?

लॉग टेबलचंही तसंच. बारावीच्या बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्यामुळे अकरावीतल्या प्रॅक्टिकलच्या आकडेमोडीपासूनच ते हातात येतं. लॉगरिदम म्हणजे काय हे मात्र गणितात खूप नंतर भेटतं. दहावीपर्यंत तू ते पाहिलेलंच नाहीस. राज्य मंडळाच्या शाळेतून आलेल्या कोणीच पाहिलेलं नाही.

दुसरा बदल जास्त मोठा आहे आणि त्याविषयी पुस्तकात काही लिहिलेलं नसतं. शाळेत बाईंनी प्रश्नोत्तरं सांगितली, तू लिहून घेतलीस, वही तपासली गेली, चुकलं तिथे लाल खूण झाली. कॉलेजात शंभराच्या आसपास मुलांची तुकडी असते. सर येतात, पाऊण तास शिकवतात, जातात. तू गणित सोडवलंस की नाही हे जर्नल तपासण्यापलीकडे कोणी बघत नाही. दहावीत जे काम शाळा करत होती ते आता तुलाच करायचं आहे, आणि हे तुला कोणी तोंडाने सांगणारही नाही.

म्हणून तुझ्या 91.60 कडे एकदा नीट बघू. मी ते कमी लेखत नाही. पण त्यात काय काय आहे? सहापैकी उत्तम पाच विषय धरलेले. प्रत्येक विषयात 20 गुण शाळेच्या हातातले. विज्ञानाचे दोन लेखी पेपर 40-40 गुणांचे, आणि प्रश्न बहुतेक स्वाध्यायाच्या वळणाचे. तू बसून अभ्यास करू शकतेस, वेळेत पूर्ण करू शकतेस, हे त्या टक्क्यांवरून नक्की कळतं. कधी न पाहिलेलं गणित समोर आलं तर तू काय करतेस, हे कळत नाही. ते तुझं तुलाच तपासता येईल. मुक्तिवेगाचं सूत्र कोऱ्या कागदावर काढून बघ, पुस्तक मिटून. उत्तर आलं की नाही हे महत्त्वाचं नाही. प्रत्येक पायरीला 'हे का?' असं विचार. गतिज ऊर्जा आणि स्थितिज ऊर्जा यांची बेरीज का केली? ती शून्य का धरली? सांगता आलं तर तुझा पाया चांगला आहे, भाषा कुठलीही असो. नाही आलं तर तू ते पाठ केलं होतंस, आणि सुट्टीतला अभ्यास कुठून सुरू करायचा हे तुला कळलं.

शाळेतून निघताना सर 'अकरावीचं पुस्तक आत्तापासूनच पाठ करायला घ्या' असंही सांगतात. माझं मत उलटं आहे. अकरावीचं पुस्तक सुट्टीत उघडू नकोस, किंवा उघडलंस तर चाळण्यापुरतं. मागे जा. नववीच्या विज्ञानातले 'गतीचे नियम' आणि 'द्रव्याचे मोजमाप' हे दोन धडे काढ. अकरावीचं रसायनशास्त्र मोलच्या संकल्पनेपासूनच सुरू होतं आणि मोल तू नववीत 'द्रव्याचे मोजमाप'मध्ये शिकली आहेस. बहुतेक सगळे ते विसरलेले असतात. ज्याला ते आठवतं त्याचे पहिले पंधरा दिवस रसायनात सुखाचे जातात. गणितात दहावीची त्रिकोणमिती पक्की कर, 0, 30, 45, 60, 90 अंशांच्या किमती झोपेत विचारल्या तरी यायला हव्यात. घातांकांचे नियम आणि दहाच्या घातांकातली आकडेमोड रोज थोडी कर. आलेख काढायला आणि रेषेचा चढ मोजायला शीक. शेवटी गावातल्या बारावी झालेल्या कुणाकडून लॉग टेबल बघायचं कसं हे दोन संध्याकाळी शिकून घे. एवढं करून मोकळा वेळ उरला तर आंब्याच्या दिवसांत आंबे खा. सुट्टी पूर्ण जाळून कॉलेजात थकून जाण्यात काही हशील नाही.

आता वडिलांचा इंटिग्रेटेड क्लास. या पत्राच्या निमित्ताने इतर पालकांसाठीही लिहिते, कारण हा प्रश्न आता घरोघरी आहे. इंटिग्रेटेड म्हणजे नाव कॉलेजच्या पटावर आणि दिवस क्लासच्या इमारतीत. शिकवण्याची गती जेईई (इंजिनिअरिंग) किंवा नीट (वैद्यकीय) या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षांची. ज्या मुलाचं ध्येय पक्कं आहे आणि दहावीपर्यंतचं गणित भक्कम आहे, त्याला ते मानवतंही. पण नवी भाषा, नवं शहर आणि नवी गती हे तिन्ही एकाच महिन्यात अंगावर घेतलं की काय होतं? मूल चाचण्यांत मागे पडतं, खालच्या बॅचला जातं, आणि पैसे भरलेले असल्यामुळे बाहेरही पडता येत नाही. शिवाय प्रयोगशाळेला वेळ उरत नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या प्रत्येकात 30 गुण प्रॅक्टिकलचे आहेत, ते सोड. व्हर्नियर कॅलिपर स्वतःच्या हाताने लावल्याशिवाय मापनातली चूक म्हणजे काय हे नीट कळत नाही.

वडिलांना हे सांगताना 'मला क्लास नको' असं म्हणू नकोस. ते दुखावतील, आणि त्यांचं म्हणणं पूर्ण चूकही नाही. पोरगी शहरात एकटी पडेल आणि घरात तिला विचारायला कोणी नाही, ही त्यांची काळजी खरी आहे. त्यांना म्हण, "प्रथम सत्र परीक्षेपर्यंत थांबू या. मग ज्या विषयात लागेल त्याची शिकवणी लावू." एका विषयाची शिकवणी आणि दोन वर्षांचं एकरकमी शुल्क यांत किती अंतर आहे ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळेल. थांबल्याने फार काही बुडत नाही. इंजिनिअरिंग आणि फार्मसीसाठी राज्याची जी एमएचटी-सीईटी होते, तिच्यात अकरावीच्या अभ्यासक्रमाचा वाटा साधारण 20 टक्के असतो, बाकी बारावीचा, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेईई आणि नीटला मात्र दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. त्या वाटेला जायचं मनात असेल तर अकरावी हलक्यात घेऊन चालणार नाही, क्लास असो वा नसो. जेईई मेन आणि नीट मराठीतूनही देता येतात हे तुला कोणी ना कोणी सांगेल. खरं आहे. पण दोन वर्षं इंग्रजी पुस्तकातून शिकून पेपर मराठीत सोडवायचा का, हे बारावीत सराव चाचण्या देऊन मगच ठरव. आज त्यावर विसंबू नकोस.

आईचं म्हणणं राहिलं. आर्ट्स घेण्यात कमीपणा आहे असं मला अजिबात वाटत नाही. इतिहास, अर्थशास्त्र, भाषा यांत तुझा जीव रमत असेल तर आनंदाने जा, आणि तिथे मराठीतून शिकायची मुभाही आहे. पण तुझ्या पत्रात इतिहासाचा शब्द नाही. विजेचा धडा आवडतो, घरातला बोर्ड तू स्वतः दुरुस्त केलास, हे मात्र आहे. असं असताना आर्ट्स घेतलंस तर ते भीतीपोटी घेतलेलं असेल. आणि बोर्ड दुरुस्त करणाऱ्या मुलीने एक तिसरी वाटही बघायला हवी, जिचं नाव तुमच्या घरात कोणी काढलेलं दिसत नाही: पॉलिटेक्निक. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका, हाताला काम, तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि राज्यात पदविकेला मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक पर्यायही सुरू झाला आहे. जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनात जाऊन प्रवेशाच्या तारखा विचारून ये. जायचंच असं नाही, पण बघून ठेव.

विज्ञानच घ्यायचं ठरलं तर जीवशास्त्राचा विचार आत्ताच कर. भौतिकशास्त्र आणि गणितात वाक्यं थोडी, चिन्हं जास्त. जीवशास्त्रात पानंच्या पानं इंग्रजी वाचावी लागते, लॅटिन नावं लक्षात ठेवावी लागतात, उत्तरं वाक्यांत लिहावी लागतात. माध्यम बदलाचा खरा भार तिथे पडतो. डॉक्टर किंवा नर्सिंगकडे जायचं असेल तर तो उचलायलाच हवा. नसेल, तर 'गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ग्रुप असू दे, पुढे बघू' या सल्ल्याने तुझ्यावर एक जड विषय उगीच लादला जाईल. गणित मात्र सोडू नकोस. ते सोडलं की इंजिनिअरिंगकडे जायची वाट जवळजवळ बंद होते.

वर्गात काय होईल, तेही सांगते. सांगलीसारख्या ठिकाणी बहुतेक सर-मॅडम मराठी-इंग्रजी मिसळून शिकवतात. फळ्यावर इंग्रजी, तोंडात बरीचशी मराठी. शंका मराठीतून विचारलीस तर कोणाला खटकणार नाही. भर वर्गात हात वर करायला जड गेलं तर तास संपल्यावर दाराशी गाठ. पण "सर, काही कळलं नाही" असं विचारू नकोस, त्याला उत्तर देणं कुणालाच जमत नाही. "तिसऱ्या ओळीतून चौथी ओळ कशी आली?" असं विचार. पहिले काही आठवडे वहीत मराठीत टिपण केलंस तरी हरकत नाही, समजून घ्यायची भाषा कुठलीही चालते. उत्तर लिहिण्याचा सराव मात्र पहिल्या दिवसापासून इंग्रजीतच कर, तुटक का होईना. फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलं शेजारी बसतील. त्यांचं बोलणं ऐकून त्यांच्या भौतिकशास्त्राचा अंदाज बांधू नकोस.

जे सेमी-इंग्रजीतून आले आहेत, त्यांनी हे पत्र दुसऱ्या कुणासाठी आहे असं समजू नये. संज्ञा ओळखीच्या असल्यामुळे त्यांना पहिले काही आठवडे सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि न कळलेलं फार उशिरा लक्षात येतं.

शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकरही मराठी शाळेतच शिकले, हे तुला पुढच्या महिन्याभरात पाच जण तरी ऐकवतील. गोष्ट खरी आहे, पण उद्या सकाळच्या सदिशांच्या तासाला ती कामाची नाही. कामाचं ते एवढंच, की ज्या दिवशी जे शिकवलं ते त्याच संध्याकाळी पुस्तक मिटून लिहून बघायचं. डेरिव्हेशन असेल तर पूर्ण, न्यूमेरिकल असेल तर एक तरी. अडलं तर वीसेक मिनिटं झगडायचं, मग उत्तर बघायचं. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याच्यासकट. तुझे रोजचे अडीच तास एसटीत जाणार, त्यामुळे घरी येऊन तीन-चार तास अभ्यास करीन असे बेत आखू नकोस, ते आठवडाभरात मोडतात. वाचायचं आणि पाठांतराचं काम गाडीत उरकता येतं, जागा मिळाली तर. लिहायचं काम कॉलेज सुटल्यावर तिथल्याच वाचनालयात तासभर बसून करून घे आणि मागची गाडी पकड.

आणि पहिल्या चाचणीचे गुण घरी सांग. कमी पडले तर जास्त ठळकपणे सांग. आई-वडिलांना आत्ताच, या महिन्यातच, कल्पना दे की पहिल्या चाचणीत 25 पैकी 8-10 पडले तरी ते वेगळं काही नाही, बऱ्याच जणांना पडतात. तुझ्या भावाला ही सूट कोणी आधी देऊन ठेवली असती तर तो लपवत बसला नसता, असं मला वाटतं.

प्रवेश पक्का करायला जाशील तेव्हा कार्यालयात विचारून ये की शाखा किंवा विषय बदलायचा झाला तर कधीपर्यंत बदलता येतो. ती तारीख लिहून ठेव. वाचनालयातून पुस्तकांचा पूर्ण संच वर्षभरासाठी मिळतो का, प्रॅक्टिकलच्या बॅचची वेळ तुझ्या शेवटच्या गाडीच्या आधी संपते का, हेही बघ. वेळ जुळत नसेल तर बॅच बदलून मागायची संधी पहिल्याच आठवड्यात असते. येताना बोनाफाईड घेऊन ये. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, त्याच्या अर्जाला ते लागेल.